मिरिस्साचा मुक्काम आणि निळ्या देवमाशाचे वेळापत्रक

श्रीलंकेच्या दक्षिण किनाऱ्यावर, वेलिगामा आणि माटारा या दोन शहरांच्या दरम्यान वसलेले मिरिस्सा हे मूळचे मच्छीमारांचे गाव. पृथ्वीवर आजवर होऊन गेलेल्या प्राण्यांत सर्वांत मोठा मानला जाणारा निळा देवमासा येथील किनाऱ्याच्या इतक्या जवळ येतो, की पहाटे बंदरातून निघालेल्या माणसाला तो पाहून दुपारच्या जेवणापर्यंत परतता येते. आणि गेल्या दोन दशकांत या गावाचे नाव दूरवर पोहोचले ते मुख्यतः याच कारणाने. असे असूनही बहुसंख्य प्रवासी मिरिस्साला धावती भेट देतात. कोलंबोहून मध्यरात्री निघायचे, पहाटे होडीत बसायचे आणि दुपारी परतीचा रस्ता धरायचा, असा हा कार्यक्रम असतो. त्याचे यश एकाच सकाळवर अवलंबून असल्यामुळे वारा वाढला किंवा देवमासे दूर गेले, की सारा खटाटोप वाया जातो. या गावच्या मुक्कामाची आखणी करताना आधी समुद्राची रचना, मग ऋतू, मग दिवसाची वेळ आणि सर्वांत शेवटी खोली, असा क्रम ठेवला, तर बंदरापासून चालत जाण्याच्या अंतरावरचे एखादे साधे, कुटुंबाने चालवलेले अतिथिगृह हे काटकसरीपोटी केलेली तडजोड न राहता या कामासाठी सर्वांत सोयीचे ठिकाण ठरते. कारण देवमासा पाहण्यासाठी जे लागते ते म्हणजे हाताशी असलेले दोन-चार मोकळे दिवस, आणि ते स्वस्त खोलीतच परवडतात.

किनाऱ्याजवळचे खोल पाणी

देवमासा मिरिस्सालाच इतक्या जवळ का येतो, याचे उत्तर पाण्याखालच्या जमिनीत आहे. कोणत्याही खंडाच्या किंवा मोठ्या बेटाच्या किनाऱ्यालगतचा उथळ, मंद उताराचा जो तळ असतो त्याला भूखंडमंच किंवा समुद्रबूड जमीन म्हणतात, आणि तो संपला की तळ एकदम उतरू लागतो, त्या भागाला खंडान्त उतार म्हणतात. महाराष्ट्राच्या किनाऱ्यासमोर हा भूखंडमंच अतिशय रुंद आहे. मुंबईच्या पश्चिमेला दीडशेहून अधिक किलोमीटर अंतरावर असलेले तेलक्षेत्रही त्या उथळ पट्ट्यातच मोडते. श्रीलंकेच्या दक्षिण टोकाशी मात्र हा पट्टा फारच अरुंद असून किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावर तळ एक हजार मीटरपेक्षा खोल जातो. श्रीलंकेचे दक्षिणतम टोक म्हणजे माटाऱ्याच्या पूर्वेचे देवीनुवर, ज्याला नकाशांवर डोंड्रा असे नाव आढळते; तेथील दीपगृहापासून सरळ दक्षिणेकडे निघालेल्या जहाजाला अंटार्क्टिकापर्यंत कोठेही जमीन लागत नाही. खोल समुद्रात वावरणारे प्राणी येथे किनाऱ्याजवळ येतात, त्याचे पहिले कारण हे.

दुसरे कारण अन्नाचे. भारताच्या पश्चिम आणि पूर्व बाजूंच्या दोन समुद्रांना जोडणारे मोसमी प्रवाह श्रीलंकेला वळसा घालून जातात, उन्हाळी मोसमात पूर्वेकडे आणि हिवाळी मोसमात पश्चिमेकडे. बेटाच्या अडथळ्यामुळे आणि वाऱ्याच्या रेट्यामुळे काही ठिकाणी वरचे उबदार पाणी बाजूला सरते आणि त्याच्या जागी खालचे थंड, क्षारयुक्त पाणी वर येते. हे क्षार म्हणजे समुद्रातले खतच. त्यावर सूक्ष्म वनस्पती, म्हणजे वनस्पती-प्लवक, वाढतात. त्यांवर बारीक प्राणी जगतात आणि त्या प्राण्यांच्या थव्यांवर देवमासा पोसला जातो. अंटार्क्टिकाजवळच्या निळ्या देवमाशांचे मुख्य खाद्य क्रिल हा कोळंबीसदृश जीव असला, तरी श्रीलंकेच्या पाण्यातील देवमासे सर्जेस्टिड कुळातील बारीक कोळंबी खातात असे संशोधनात आढळले असून, कोकणात वाळवून खाल्ला जाणारा जवळा याच कुळात मोडतो.

देवमासा हा नावाने मासा असला तरी फुप्फुसांनी श्वास घेणारा, पिलांना दूध पाजणारा सस्तन प्राणी आहे, आणि निळ्या देवमाशाच्या तोंडात दातांऐवजी झालरीसारख्या पट्ट्यांची चाळण असते. तोंड उघडून प्रचंड प्रमाणात पाणी आत घ्यायचे आणि ते या पट्ट्यांतून बाहेर ढकलून आत राहिलेले बारीक जीव गिळायचे, अशी त्याची जेवणाची रीत आहे. उत्तर हिंदी महासागरातील निळे देवमासे अंटार्क्टिकाजवळच्या भाईबंदांपेक्षा आकाराने लहान असतात. त्यांची लांबी सर्वसाधारणपणे २० ते २४ मीटर भरते. मोठे देवमासे थंड पाण्यात चरतात आणि प्रजननासाठी उबदार पाण्यात येऊन तेथे उपाशीच राहतात, अशी अनेक दशकांची समजूत होती. आशा डी व्होस या श्रीलंकन सागरी जीवशास्त्रज्ञ महिलेने २००३ मध्ये एका संशोधन-नौकेवर असताना श्रीलंकेजवळ निळ्या देवमाशांचा मेळावा आणि त्यांच्या तांबूस विष्ठेचा पाण्यावर पसरलेला तवंग पाहिला. विष्ठा आहे त्या अर्थी हे प्राणी येथेच चरत आहेत, या साध्या तर्कातून उष्ण कटिबंधात राहणाऱ्या देवमाशांच्या अभ्यासाला नवी दिशा मिळाली. प्रवाशाच्या दृष्टीने या शोधाचा अर्थ असा, की मिरिस्सासमोरचा देवमासा केवळ ओझरता जाणारा पाहुणा नसून अन्नाच्या मागे फिरणारा प्राणी आहे; आज जेथे थवे आहेत तेथे तो आज असेल आणि उद्या थवे सरकले की तोही सरकेल.

महिना कसा ठरवावा

मिरिस्साचा हंगाम सामान्यतः नोव्हेंबरच्या उत्तरार्धात सुरू होतो आणि एप्रिलच्या मध्यापर्यंत चालतो. या काळात वारे ईशान्येकडून, म्हणजे बेटाच्या जमिनीवरून, दक्षिण किनाऱ्याकडे वाहतात आणि बेटाच्या आडोशामुळे समुद्र तुलनेने शांत राहतो. मे महिन्यात नैर्ऋत्य मोसमी वारे सुरू झाले, की हाच किनारा वाऱ्याच्या थेट तोंडावर येतो, लाटा उंचावतात आणि सप्टेंबरपर्यंत बहुतेक होड्या बंदरात उभ्या राहतात. निळ्या देवमाशांच्या नोंदी मात्र श्रीलंकेभोवती वर्षभर झालेल्या आहेत. म्हणूनच हा हंगाम काही अंशी देवमाशांचा आणि त्याहून अधिक होड्यांचा आहे, असे म्हणणे योग्य ठरते.

या हंगामातही काही आठवडे अधिक चांगले का असतात, याचे एक स्पष्टीकरण चार्ल्स अँडरसन या सागरी जीवशास्त्रज्ञाने मांडलेल्या कल्पनेत मिळते. नैर्ऋत्य मोसमाच्या काळात सोमालिया आणि ओमानच्या किनाऱ्यांलगत खालचे थंड पाणी मोठ्या प्रमाणात वर येते आणि तेथे अन्नाची सुगी होते. ती ओसरल्यावर देवमासे पूर्वेकडे पांगतात, डिसेंबर-जानेवारीच्या सुमारास त्यांच्यातील अनेक श्रीलंकेच्या दक्षिणेकडून बंगालच्या उपसागराकडे जातात आणि एप्रिलच्या आसपास उलट दिशेने परततात, असे या मांडणीचे सार आहे. अरबी समुद्राच्या दोन काठांना जोडणारे असे लांबचे प्रवास होतात याचा पुरावा दुसऱ्या एका जातीबाबत मिळाला आहे. ओमानजवळ उपग्रह-खूण लावलेली लुबान नावाची हंपबॅक देवमाशाची मादी २०१७च्या अखेरीस समुद्र ओलांडून गोव्याच्या बाजूला आली आणि तेथून दक्षिणेकडे भारताच्या टोकापर्यंत गेली. महाराष्ट्राच्या किनाऱ्यालाही निळा देवमासा अगदीच अपरिचित नाही. २०१५च्या जूनमध्ये रेवदंड्याच्या किनाऱ्याला लागलेला देवमासा याच जातीचा होता. मात्र रुंद भूखंडमंचामुळे कोकणात हा प्राणी बहुधा मृत किंवा मरणासन्न अवस्थेतच माणसाच्या दृष्टीस पडतो.

महाराष्ट्रातील कुटुंबांपुढे अडचण येते ती शाळेच्या वेळापत्रकाची. दिवाळीच्या सुटीत दक्षिण किनाऱ्यावर परतीच्या पावसाचे दिवस पूर्णपणे सरलेले नसतात, आणि वार्षिक परीक्षा आटोपून घराबाहेर पडेपर्यंत मिरिस्साचा हंगाम शेवटच्या टप्प्यात आलेला असतो. नाताळचा आठवडा हवामानाला अनुकूल असला, तरी युरोपीय प्रवाशांच्या गर्दीमुळे त्या काळात खोल्यांचे दर सर्वाधिक असतात. शाळेचे बंधन नसलेल्यांनी जानेवारीचा उत्तरार्ध ते मार्चअखेर हा काळ धरावा, हे उत्तम. एप्रिलच्या १३-१४ तारखांना सिंहली आणि तमिळ नववर्ष येते. त्या दिवसांत दुकाने, उपाहारगृहे आणि अनेक होड्या बंद राहतात, रेल्वेगाड्या तुडुंब भरतात. दर महिन्याच्या पौर्णिमेला, ज्या दिवसाला तेथे पोया म्हणतात, सार्वजनिक सुटी असून मद्यविक्री बंद असते. ज्यांना मे महिन्याच्या सुटीशिवाय पर्याय नाही, त्यांनी मिरिस्साचा हट्ट सोडून पूर्व किनाऱ्यावरील त्रिंकोमालीचा विचार करावा. तेव्हा तो किनारा वाऱ्याच्या आडोशाला येतो आणि तेथील देवमाशांचा हंगाम मार्च-एप्रिलपासून ऑगस्टपर्यंत चालतो.

किती रात्री राहावे

मुंबईहून कोलंबोला थेट विमाने आहेत, प्रवास सुमारे अडीच तासांचा आहे आणि दोन्ही देशांची प्रमाणवेळ एकच असल्यामुळे घड्याळही बदलावे लागत नाही. प्रवेश-परवान्याची ऑनलाइन पद्धत आणि शुल्क यांत गेल्या काही वर्षांत वेळोवेळी बदल झाले आहेत, म्हणून तिकिटे काढण्यापूर्वी श्रीलंका सरकारच्या अधिकृत संकेतस्थळावर ते पाहून घ्यावे. कोलंबोचे आंतरराष्ट्रीय विमानतळ शहराच्या उत्तरेला कटुनायके येथे आहे आणि मिरिस्सा शहराच्या दक्षिणेला. हे अंतर द्रुतगती महामार्गाने मोटारीतून अडीच-तीन तासांत कापता येते. वेळ हाताशी असेल तर कोलंबो फोर्ट स्थानकातून सुटणारी किनारपट्टीची रेल्वे अधिक आनंददायी ठरते. तिचा बराचसा मार्ग समुद्राला अगदी चिकटून जातो. मिरिस्साला लहानसे स्थानक असले तरी जलद गाड्यांसाठी वेलिगामाला उतरावे आणि उरलेला थोडा रस्ता तीनचाकी रिक्षाने, जिला तेथे टुकटुक म्हणतात, पार करावा.

मुक्कामाच्या रात्री तीनपेक्षा कमी नसाव्यात. पहिली रात्र निव्वळ विश्रांतीची मानावी. कारण मध्यरात्रीच्या विमानाने येऊन, झोप अपुरी असताना पहाटे होडीत बसणाऱ्यालाच बोट लागण्याचा त्रास सर्वाधिक होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी समुद्रावर जावे. ती सकाळ निष्फळ ठरली किंवा वाऱ्यामुळे होडी निघालीच नाही, तर तिसरी सकाळ, आणि मुक्काम वाढवल्यास चौथीही, हाताशी राहते. आणि पहिल्याच दिवशी देवमासा दिसला, तर उरलेला दिवस गॉलचा किल्ला पाहण्यात चांगला जातो. पोर्तुगीजांनी सुरू केलेला आणि डचांनी सतराव्या शतकात भक्कम केलेला हा किल्ला सुमारे ३५ किलोमीटरवर असून १९८८ पासून जागतिक वारसास्थळांच्या यादीत आहे. परतीचे विमान असलेल्या दिवशी समुद्रावर जाण्याचा बेत कधीही करू नये. होडी तीन तासांत परतेल की पाच, हे देवमासे किती लांब आहेत यावर ठरते.

होड्या पहाटे साडेसहाच्या सुमारास का निघतात, हे समजले म्हणजे दिवसाची आखणी सोपी होते. रात्री जमीन समुद्रापेक्षा लवकर थंड होते आणि जमिनीकडून समुद्राकडे मंद मतलई वारे वाहतात. दिवस वर आला की जमीन तापते आणि समुद्राकडून जमिनीकडे खारे वारे सुरू होतात. सकाळच्या पहिल्या प्रहरात पाण्याचा पृष्ठभाग बहुधा सपाट असल्यामुळे दूरचा फवारा सहज दिसतो. अकरानंतर लाटांचे पांढरे तुरे वाढू लागतात आणि नेमका तोच पांढरा रंग शोधणारी नजर फसू लागते. रात्रीचे जेवण लवकर आणि हलके, झोप दहाच्या आत आणि जाग पाच वाजता, असे तीन दिवसांचे वळण त्यामुळे पडते. हे वळण सांभाळणारी जागा निवडणे, हाच खोली निवडण्याचा खरा निकष आहे.

घर निवडताना

मिरिस्सातील निवासाचे ढोबळमानाने तीन पट्टे पडतात. पुळणीलगतच्या पट्ट्यात उपाहारगृहे आणि रात्री उशिरापर्यंत चालणारे संगीत असते. तेथली खोली समुद्राच्या सर्वांत जवळ असली तरी झोपेपासून दूर असते. दुसरा पट्टा गॉल-माटारा हमरस्त्याचा, आणि त्या रस्त्यावर खासगी बसगाड्यांचे भोंगे पहाटेपासून सुरू होतात. तिसरा पट्टा रस्त्याच्या आतल्या बाजूला, नारळी-केळींच्या वाड्यांमधून जाणाऱ्या गल्ल्यांचा. तेथे घरमालकाने स्वतःच्या घरामागे किंवा वरच्या मजल्यावर बांधलेल्या चार-सहा खोल्यांची अतिथिगृहे आहेत. अशा खोलीत सिमेंटची किंवा फरशीची जमीन, छताचा पंखा, पलंगावर कड्याला टांगलेली मच्छरदाणी, पुढे दोन खुर्च्यांचा व्हरांडा आणि अंगणात पाय धुण्यासाठी नळ, एवढा सरंजाम असतो. वातानुकूलन आणि गरम पाणी यांसाठी वेगळे पैसे पडतात. खाऱ्या हवेमुळे कड्या-कोयंडे गंजलेले आणि कपडे सदैव किंचित दमट राहतात, हे गृहीत धरावे. वाळत घालण्यासाठी दोरी आणि वारा खेळणारी खिडकी या दोन गोष्टी येथे दूरचित्रवाणी संचापेक्षा अधिक कामाच्या ठरतात.

खोली ठरवण्यापूर्वी घरमालकाला काही प्रश्न थेट विचारावेत. घर श्रीलंका पर्यटन विकास प्राधिकरणाकडे नोंदलेले आहे का. बंदर चालत किती मिनिटांवर आहे. पहाटे निघणाऱ्या पाहुण्याला न्याहारीची पुडी बांधून मिळते का. वारा वाढल्यास मुक्काम एक रात्र वाढवता येईल का आणि तसे असल्यास दर तोच राहील का. आणि शेवटी, होडीची सोय घरमालक करून देतो तेव्हा ती कोणत्या होडीवर. अखेरचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. गावातील जवळजवळ प्रत्येक अतिथिगृह कोणत्या ना कोणत्या होडीवाल्याशी जोडलेले असते आणि प्रवासी पाठवल्याबद्दल घरमालकाला दलाली मिळते. या व्यवहारात गैर काहीच नाही. उलट ओळखीचा दुवा असल्यामुळे तक्रार ऐकून घेणारा माणूस संध्याकाळी त्याच अंगणात भेटतो. मात्र आदल्या संध्याकाळी बंदरावर एक फेरी मारून होडी प्रत्यक्ष पाहणे केव्हाही चांगले. अनेक दिवस समुद्रात राहणाऱ्या मासेमारी नौकांच्या रांगेशेजारी प्रवासी होड्या उभ्या असतात, आणि वरचा मजला किती उघडा आहे, जीवरक्षक जाकिटे मोजकी आहेत की पुरेशी, शौचालय आहे की नाही, हे दहा मिनिटांत कळते.

जेवणाच्या बाबतीत मराठी प्रवाशाची मिरिस्सात आबाळ होत नाही, पण शाकाहारी माणसाने एक गोष्ट ध्यानात ठेवावी. न्याहारीला तांदळाच्या पिठाच्या शेवयांच्या चकत्या किंवा वाटीच्या आकाराचे कुरकुरीत आप्प, सोबत परिप्पू म्हणजे नारळाच्या दुधातले मसुरीचे वरण आणि पोल संबोल मिळते. हे संबोल दिसायला ओल्या खोबऱ्याच्या लाल चटणीसारखे असले, तरी त्यात वाळवलेल्या टूना माशाचा चुरा, म्हणजे उंबलकडा, बहुधा घातलेला असतो, आणि तो इतका बारीक असतो की सांगितल्याशिवाय ओळखू येत नाही. तो वगळून संबोल करायला घरगुती स्वयंपाकघरात आदल्या रात्री सांगता येते. मोठ्या उपाहारगृहात ते जमेलच असे नाही. मासे खाणाऱ्यांसाठी दक्षिण किनाऱ्याची खासियत म्हणजे अंबुल तियाल, टूना माशाच्या तुकड्यांना मिरी आणि गोरका यांचा दाट लेप लावून कोरडे शिजवलेले आंबट कालवण, जे शीतपेटीविना काही दिवस टिकते. गोरका आणि कोकम ही एकाच गार्सिनिया प्रजातीतील झाडे आहेत, त्यामुळे ही चव कोकणातल्या जिभेला परकी वाटत नाही. समुद्रावर जाण्याच्या आदल्या रात्री मात्र हे तिखट-आंबट पदार्थ टाळून भात-परिप्पूवर भागवावे. बोट लागण्याची गोळी डॉक्टरांना विचारून, निघण्यापूर्वी अर्धा ते एक तास आधी घ्यावी. मळमळ सुरू झाल्यानंतर घेतलेल्या गोळीचा फारसा उपयोग होत नाही.

समुद्रावरची सकाळ

बंदरातून निघाल्यावर होडी साधारण १० ते २५ किलोमीटर आत जाते आणि तांडेल चारी बाजूंना फवारा शोधू लागतो. निळा देवमासा पृष्ठभागावर येऊन उच्छ्वास सोडतो तेव्हा हवा आणि पाण्याच्या तुषारांचा नऊ मीटरपर्यंत उंच, सरळ उभा स्तंभ उठतो. स्पर्म व्हेल या खोल बुडी मारणाऱ्या, दात असलेल्या देवमाशाचा फवारा ठेंगणा असतो आणि पुढे डावीकडे झुकलेला असतो, कारण त्याची नाकपुडी डोक्याच्या डाव्या बाजूला असते. या एका खुणेवरून दोन्ही जाती दुरून ओळखता येतात. निळा देवमासा दहा-वीस सेकंदांच्या अंतराने अनेक श्वास घेतो, त्या वेळी त्याची राखट निळी, ठिपकेदार पाठ आणि अगदी मागे असलेला इवलासा पृष्ठपर दिसतो. शेवटच्या श्वासानंतर पाठीची कमान वर येते, पुष्कळदा शेपटीचे दोन रुंद फडे पाण्याबाहेर उचलले जातात आणि प्राणी दहा ते पंधरा मिनिटांसाठी खाली जातो.

तो गेल्यावर पाण्यावर काचेसारखे गुळगुळीत, लाटाविरहित गोल उरतात. शेपटीच्या फटकाऱ्याने खालचे पाणी वर येऊन पसरते आणि बारीक लाटा दाबल्या जातात, त्यामुळे हे गोल तयार होतात आणि देवमासा कोणत्या दिशेने गेला हे त्यांच्या रांगेवरून अनुभवी तांडेल सांगू शकतो. याच दहा-पंधरा मिनिटांत होडीचा दर्जा कळतो. चांगला तांडेल इंजिन मंद करून प्राण्याच्या वाटेला समांतर थांबतो. घाईचा तांडेल पुढे धावून वाट अडवतो. प्रवाशाजवळ टोपी, पूर्ण बाह्यांचा सदरा, पाण्यावरची चकाकी कमी करणारा ध्रुवीकृत काचांचा चष्मा आणि सात किंवा आठपट मोठी प्रतिमा दाखवणारी दुर्बीण असावी. त्याहून शक्तिशाली दुर्बिणीत हलत्या होडीवरून प्रतिमा स्थिर राहत नाही. स्पिनर डॉल्फिन, म्हणजे हवेत उडी घेऊन स्वतःभोवती गिरक्या घेणारे सडपातळ डॉल्फिन, हे वाटेत हमखास लक्ष वेधून घेतात, आणि काही दिवशी तेवढेच दर्शन पदरी पडते.

जहाजे, नियम आणि पाहुण्याचा वाटा

क्षितिजावर देवमाशाच्या फवाऱ्यामागे महाकाय मालवाहू जहाजे एकामागून एक सरकताना दिसतात, कारण पूर्व आशियाला सुएझ कालव्याशी जोडणारा, जगातील अत्यंत वर्दळीच्या मार्गांपैकी एक मार्ग देवीनुवरच्या टोकाला खेटून जातो. या मार्गाच्या पट्ट्यातच निळ्या देवमाशांची दाटी सर्वाधिक असल्याचे आढळले असून जहाजांची धडक हा त्यांना असलेला मोठा धोका आहे. जहाजांचा मार्ग सुमारे १५ सागरी मैल दक्षिणेकडे हलवला तर हा धोका ९५ टक्क्यांपर्यंत घटू शकेल, असा संशोधकांचा अंदाज आहे. एमएससी या जगातील एका सर्वांत मोठ्या जहाज कंपनीने २०२२ मध्ये आपली जहाजे स्वेच्छेने अधिक दक्षिणेकडून नेण्यास सुरुवात केली. हिंदी महासागर हे देवमाशांचे अभयक्षेत्र असल्याचे आंतरराष्ट्रीय व्हेलिंग आयोगाने १९७९ मध्येच जाहीर केले होते. त्याआधी, १९६०च्या दशकात, सोव्हिएत शिकारी ताफ्यांनी उत्तर हिंदी महासागरात बाराशेहून अधिक निळे देवमासे बेकायदा मारले होते. १९८२ ते १९८४ या काळात ट्युलिप नावाच्या संशोधन-नौकेने श्रीलंकेभोवतीच्या देवमाशांचा अभ्यास केला, परंतु १९८३ मध्ये पेटलेल्या यादवी युद्धामुळे हे पाणी दीर्घकाळ प्रवाशांना दुर्गम राहिले. २००९ मध्ये युद्ध संपल्यानंतर मिरिस्साचा देवमासा-दर्शनाचा व्यवसाय झपाट्याने वाढला.

वाढीचा वेग इतका होता, की एकाच देवमाशाभोवती अनेक होड्यांनी कडे करण्याचे प्रकार घडू लागले. पृष्ठभागावरचा श्वासोच्छ्वास पुरा होण्याआधी बुडी मारावी लागली, तर खाली चरण्यासाठी मिळणारा वेळ कमी होतो, आणि असे दिवसातून अनेकदा घडल्यास प्राण्याची शक्ती व्यर्थ खर्च होते. श्रीलंकेने २०१२ मध्ये सागरी सस्तन प्राण्यांच्या निरीक्षणासाठी नियम केले. त्यांनुसार होडीने देवमाशापासून किमान १०० मीटर दूर राहणे बंधनकारक आहे. मात्र किनाऱ्यापासून वीस किलोमीटर आत प्रत्येक होडीवर लक्ष ठेवणे कोणत्याही सरकारी खात्याला अवघड असते, आणि प्रत्यक्षात तांडेलाचे वर्तन ठरते ते होडीतल्या माणसांच्या मागणीवरून. अजून जवळ न्या, असा आग्रह धरणारे प्रवासी आणि जास्तीची बक्षिशी मिळाली, की नियम मोडण्याचा मोह वाढतो.

येथे मुक्कामाच्या आखणीचा संबंध थेट देवमाशाच्या हिताशी जुळतो. ज्याच्याजवळ एकच सकाळ आहे तो प्रवासी स्वाभाविकपणे उतावीळ असतो, आणि त्याची उतावीळ तांडेलाकडे पोहोचते. तीन रात्री राहिलेल्या पाहुण्याला दूरच्या फवाऱ्यावर समाधान मानणे परवडते, दुसऱ्या दिवशी पुन्हा जाणे परवडते आणि वाईट होडीला नकार देणेही परवडते. चार-सहा खोल्यांच्या घरात राहणाऱ्या अशा पाहुण्याने घरमालकाला, होडी १०० मीटरांवर थांबते का, वाट अडवत नाही ना, असे विचारले, की तो प्रश्न त्याच संध्याकाळी होडीवाल्यापर्यंत जातो. कारण लहान गावात दोघेही एकमेकांचे शेजारी किंवा नातलग असतात आणि पाहुणे कोणती होडी नाकारतात याकडे दोघांचेही लक्ष असते. म्हणून होडीचे पैसे आदल्या रात्री नक्की करण्यापूर्वी हा प्रश्न विचारणे, आणि उत्तर समाधानकारक नसल्यास दुसरी होडी शोधण्यास घरमालकाला सांगणे, हे खोलीचे भाडे ठरवण्याइतकेच आवश्यक काम समजावे.